दगड झिजला की बुजला?

पटाशीला धार लागेनाशी झाली की ‘दगड झिजला’ म्हणून तो टाकून दिला जातो. बहुतेक वेळा तो झिजलेला नसतो, बुजलेला असतो. घरोघरी असतो तो कार्बोरंडमचा दगड (सिलिकॉन कार्बाइडचे कण भाजून एकजीव केलेला) सच्छिद्र असतो. पोलादाचा कीस आणि सुकलेले तेल त्या छिद्रांत बसते, चहाची गाळणी चोंदते तसे. तेल धार लावत नाही. ते कीस तरंगत ठेवते. म्हणून काम संपताच ते काळे तेल फडक्याने पुसावे. बुजलेला दगड रॉकेल लावून राठ ब्रशने घासावा (विस्तवापासून लांब, हे सांगायला नकोच). मध्ये खोलगट झाला असेल, तर जाड काचेवर ओला वॉटर पेपर ठेवून सपाट करावा. ठेवताना झाकणाची पेटी हवी. उघड्यावर तेलकट दगडाला भुसा चिकटतो.