पुष्कराज: नाव एक, खनिजे तीन

गुरुवारी तर्जनीत पुष्कराज धारण केल्याने गुरू प्रसन्न होतो, अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्या खड्यापायी गृहस्थ एवढी रक्कम खर्ची घालतो तो वस्तुतः कोणत्या जातीचा आहे, याची खातरजमा करण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. सोनेरी झाकेची तीन निरनिराळी खनिजे आपल्या बाजारात या एकाच नावाने खपतात आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

त्यांपैकी सर्वांत मातब्बर म्हणजे माणिक आणि नीलम यांचे सहोदर असलेले पिवळे कुरुंद. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या या स्फटिकाला पीतवर्ण येतो तो बहुधा लोहाच्या अल्पांशामुळे; त्याची कठिनता 9, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, विशिष्ट गुरुत्व सुमारे 4, आणि श्रीलंकेतील रत्नपुराचा परिसर त्याच्यासाठी पूर्वापार विख्यात आहे. दुसरा टोपाझ. कठिनता 8 असूनही तो एका विशिष्ट पातळीत सहज दुभंगतो, त्यामुळे पैलू पाडणाऱ्या कारागिराला त्याच्यापुढे जपूनच हात चालवावा लागतो. ब्राझीलमधील ओरो प्रेतो येथील मधासारखा टोपाझ विशेष मोलाचा. बाजारातील निळा टोपाझ मात्र बहुतांशी रंगहीन खड्यावर किरणोत्साराचा प्रयोग करून सिद्ध केलेला असतो. तिसरा सुनेला, म्हणजे पिवळा स्फटिक. कठिनता 7, आणि तोही बहुधा जांभळा ॲमेथिस्ट तापवून पिवळा केलेला!

टोपाझ निसर्गात प्रचंड आकाराचा सापडतो: अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयातला पैलूदार सोनेरी टोपाझ 22,892 कॅरटांचा, म्हणजे साडेचार किलोंहून अधिक वजनाचा आहे. तेव्हा केवळ आकारमानावर भुलणे शहाणपणाचे नव्हे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने 1665 मध्ये औरंगजेबाच्या जामदारखान्यात पाहिलेला टोपाझ सुमारे 157 कॅरटांचा होता, आणि तो गोव्यात 1,81,000 रुपयांना खरेदी केला होता, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात केली आहे. रत्नाची जात जितक्या काटेकोरपणे आज ठरवता येते तितकी त्या काळी येत नसे, हे ध्यानी घेतले म्हणजे या नोंदीतील नावावर फार विसंबता येत नाही.

आज ती सबब उरलेली नाही. विशिष्ट गुरुत्व आणि प्रकाशाचे वक्रीभवन मोजले की तिन्ही खनिजे बिनचूक वेगळी निवडता येतात. अडचण आहे ती संस्कारांची. कुरुंद तापवून त्याचा रंग खुलवण्याची रीत जुनीच आहे. परंतु या शतकाच्या आरंभापासून बेरिलियमसह तापवून फिक्या खड्याला गडद सोनेरी रंग चढवला जाऊ लागला, आणि तो ओळखणे प्रयोगशाळेवाचून जवळजवळ अशक्य आहे. म्हणून खरेदीच्या वेळी पावतीवर नुसते ‘पुष्कराज’ असे लिहून घेऊन समाधान मानू नये. खनिजाचे नाव आणि त्यावर झालेल्या संस्कारांचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रयोगशाळेचा दाखला मागावा, आणि तो देण्यास दुकानदार कां-कूं करू लागला तर खुशाल दुसरे दुकान गाठावे.