डबाबंद टोमॅटो व ताजे सफरचंद : आहारदृष्ट्या तुलना

घरात कोणी आजारी पडले की सफरचंदे आणावयाची, ही चाल आता खेडोपाडी पडली आहे. आलापल्लीसारख्या अरण्यभागात हे फळ काश्मीर व हिमाचल प्रदेशातून शेकडो कोसांचा प्रवास करून येते, व त्या वाहतुकीचा बोजा घेणाराच सोसतो. उलटपक्षी, विदर्भात ज्यास भेदरा म्हणतात तो टोमॅटो एकदम पिकला की मातीमोल होतो. सन २०२३ च्या मे महिन्यात नाशिककडील बागायतदारांनी भावाअभावी टोमॅटो फेकून दिले, आणि जुलैत तोच माल किरकोळ बाजारात किलोस शंभर रुपयांवर गेला. तेव्हा हंगामात टिकवून ठेवलेला टोमॅटो सफरचंदाची जागा घेईल काय, हा प्रश्न कास्तकाराच्या व्यवहाराचा आहे.

शंभर ग्रॅम सालीसकट सफरचंदात सुमारे ५२ उष्मांक, १० ग्रॅम साखर, २.४ ग्रॅम तंतू, १०७ मिलिग्रॅम पोटॅशियम व ५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. तितक्याच डबाबंद टोमॅटोत उष्मांक १७ च्या आसपास, पोटॅशियम सुमारे १९० मिलिग्रॅम व 'क' जीवनसत्त्व ९ मिलिग्रॅमच्या वर असते. 'अ' जीवनसत्त्व सफरचंदात नाममात्र, टोमॅटोत पुष्कळ अधिक. याचा अर्थ, शक्ती व तंतू यांत सफरचंद सरस. जीवनसत्त्वे व क्षार यांत टोमॅटो.

शिजविल्याने टोमॅटोतील 'क' जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, हे खरे. परंतु त्याचा लाल रंग ज्या लायकोपीन द्रव्यामुळे येतो ते उष्णतेने मोकळे होऊन, थोड्या तेलासह, शरीरात अधिक शोषले जाते. शिवाय 'क' जीवनसत्त्वामुळे वरण व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. हा लाभ जेवणासोबत खाल्ल्यानेच मिळतो. टोमॅटो जेवणातच पडतो, सफरचंद बहुधा मधल्या वेळी खाल्ले जाते.

घरी टिकविताना पुढील रीत पाळावी. पक्व, न डागाळलेली फळे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोलावीत, चिरून पाच मिनिटे उकळावीत. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बरणीत पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व टाकून, वर अर्धा इंच जागा सोडून, गर भरावा. नवे झाकण लावून बरणी पाण्यात पूर्ण बुडवावी व पाण्यास उकळी आल्यापासून ३५ मिनिटे ठेवावी. लिंबूसत्त्व कदापि वगळू नये. आंबटपणा कमी पडल्यास बंद बरणीत प्राणघातक विष उत्पन्न करणारे जंतू वाढू शकतात. झाकण फुगलेली बरणी वा डबा चाखूनही पाहू नये. विक्री करावयाची असल्यास सन २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो.

बाजारच्या डब्यात बहुधा मीठ घातलेले असते. रक्तदाबाच्या रोग्याने ते ध्यानात घ्यावे. अशक्त रोग्यास उष्मांक हवेत, ते नुसत्या टोमॅटोने मिळणार नाहीत. त्यास भात-वरणच दिले पाहिजे. आणि प्रश्न केवळ 'क' जीवनसत्त्वाचा असेल, तर या दोहोंस मागे टाकणारे फळ आपल्याच रानात आहे : शंभर ग्रॅम आवळ्यात ते शेकडो मिलिग्रॅम असते. सफरचंद आवडीने खावे. औषध म्हणून कर्ज काढून घेण्याचे मात्र कारण नाही.