स्वमग्न मूल पाणी पीत नाही तेव्हा

उन्हाळा तापू लागला की स्वमग्न मुलांच्या आयांची एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टर, दिवसभरात चार घोटसुद्धा पाणी पोटात जात नाही. लघवी पिवळीजर्द होते, संडासला तीन-तीन दिवस होत नाही." यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत असे, की पोर हट्टी आहे, तहान लागली की आपणहून पिईल! इतर मुलांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नये. यातील काही मुलांना तहान, भूक, लघवीची भावना अशा शरीराच्या आतल्या खुणा नीट उमगत नाहीत. उमगल्या तरी सांगता येत नाहीत.

शिवाय माठाचा मातकट वास, स्टीलच्या पेल्याचा ओठांना लागणारा गारवा, बोअरच्या पाण्याची चव, यांपैकी एखादी गोष्ट अशा मुलाला असह्य वाटू शकते. म्हणून मूल दूध किंवा ताक कशातून पिते, किती गार पिते, हे आधी पाहावे. माझ्याकडे येणारा एक मुलगा घरातल्या कोणत्याच भांड्याला तोंड लावीत नसे. शाळेच्या निळ्या बाटलीच्या नळीने मात्र प्यायचा. त्याच्या आईने तशाच आणखी दोन बाटल्या आणून ठेवल्या. एक हरवली तर घरात काय प्रलय होईल, हे त्या माउलीला पक्के ठाऊक होते!

भांडे, चव, गारवा यांत बदल करायचा तर एका वेळी एकच करावा आणि त्याला आठवडाभर अवधी द्यावा. या मुलांना ठरलेला क्रम आवडतो, त्याचा फायदा घ्यावा. दात घासले की दोन घोट, शाळेतून आले की दोन घोट, झोक्यावर बसण्याआधी दोन घोट. बोलणे कळत नसेल तर पेल्याचे आणि झोक्याचे चित्र शेजारी शेजारी लावून दाखवावे.

१५ किलो वजनाच्या मुलाला दिवसाकाठी सर्व मिळून सुमारे सव्वा लिटर द्रव लागतो, उन्हाळ्यात अधिक. त्यात दूध, ताक, पातळ वरण, कलिंगड हे सारे धरावे. नाक दाबून पाणी पाजणे हा प्रकार कृपा करून करू नये. ठसका लागतो आणि पेल्याची धास्ती बसते ती वेगळीच. गोड सरबताचीही रोजची सवय नको.

आठ तास लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता दवाखाना गाठावा. फिट्ससाठी टोपिरामेट चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या औषधाने घाम कमी येतो व मूतखड्याचा संभव वाढतो. याउलट, मूल एकाएकी घटाघटा पाणी पिऊ लागले व वारंवार लघवीला जाऊ लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी.