निपाणीतही मन आजारी पडते

बेळगाव झपाट्याने बदलते आहे. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत त्याचे नाव आले, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनू लागले, महामार्गाच्या कडेने निपाणीपर्यंत शेतांत प्लॉट पडले. मनाच्या आजारांविषयीचे आपले समज मात्र जुनेच राहिले.

‘हे आजार पुण्या-मुंबईचे, आपल्याकडे कुठले?’

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारांत कर्नाटक नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. तरी त्यातला एक आकडा आपल्या कामाचा आहे. महानगरांत १४.७ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता, खेड्यांत ६.९ टक्के आणि महानगर नसलेल्या शहरांत ९.७ टक्के. २०११ च्या जनगणनेत बेळगावची वस्ती पाच लाखांच्या आत आणि निपाणीची साठ हजारांच्या थोडी वर, म्हणजे दोन्ही या तिसऱ्या गटातली. तीस घरांची एक गल्ली धरा, घरटी तीन प्रौढ धरा. या हिशेबाने त्या गल्लीत आठ-नऊ जण आजारी निघतील. यात तंबाखूचे व्यसन धरलेलेच नाही. ते वेगळे मोजले तेव्हा प्रमाण २०.९ टक्के निघाले. तंबाखूच्या वखारींवर वाढलेल्या निपाणीने हा आकडा लक्षात ठेवावा.

मग हे आठ-नऊ जण दिसत का नाहीत? कारण ते मनाची तक्रार घेऊन येतच नाहीत. छातीत धडधडते, पाठ धरते, डोके जड होते, पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही. ईसीजी होतो, रक्त तपासले जाते, सगळे नॉर्मल येते. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून माणूस घरी जातो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात बसतो. नैराश्य आणि चिंतेचे आजार आपल्याकडे बहुतेक वेळा असेच शरीराच्या वाटेने बोलतात. याच सर्वेक्षणात अशा सर्रास आढळणाऱ्या आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. मला सगळ्यांत अस्वस्थ करतो तो हा आकडा.

‘ही पैसेवाल्यांची थेरं’

उलट आहे. कमी उत्पन्नाच्या घरांत प्रमाण जास्त आढळले, आणि वयाने तिशी ते पन्नाशीच्या आतल्या, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसांत. हजार विड्यांवर मजुरी ठरणारी बाई, उद्यमबागेत रात्रपाळी करणारा फाउंड्री कामगार, रस्त्यात जमीन गेलेला शेतकरी यांच्यावरचा भार खराच आहे. शहर वाढले म्हणून कोणी आजारी पडत नाही. कर्ज, कामाची शाश्वती नसणे, मोडलेली झोप, सुटलेले गणगोत हे सारे त्या वाढीबरोबर येते आणि धोका वाढवते.

‘गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर’

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा होत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही काही महिने त्या घ्याव्या लागतात. अनेक जण नेमके इथेच सोडतात. त्या एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. सवय लागते ती मनाने घेतलेल्या झोपेच्या काही गोळ्यांची. ते औषध वेगळे.

‘आता धारवाडच गाठावे लागणार’

धारवाडचे मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासूनचे, त्यामुळे त्या गावाच्या नावाचीच धास्ती बसली. प्रत्यक्षात बहुतेकांना दाखल व्हावेच लागत नाही. बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न झाला की पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरतो आणि तिच्यावर उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो.

राहिली भाषेची अडचण. दुखणे मनाचे असेल तर ते आईच्या भाषेत सांगता आले पाहिजे, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला कन्नडमध्ये ते जमेलच असे नाही. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. नंबर १४४१६. घरात कोणाची झोप दोन आठवडे उडाली असेल, तर आजच लावा.