पणत्या खपल्यावर उरलेले अकरा महिने

गणपती गेले की बौद्धिक अक्षम तरुणांच्या कार्यशाळांमध्ये कुणाला उसंत नसते. पणत्या रंगवायच्या, उटणं चाळायचं, मेणाचे साचे भरायचे, आकाशकंदिलांना झिरमिळ्या चिकटवायच्या. दिवाळीच्या तोंडावर कंपन्यांच्या लॉबीत नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलं लागतात आणि माल चांगला खपतो. भाऊबीज झाली की टेबलं उचलली जातात. त्यानंतर राखीपौर्णिमेपर्यंत कित्येक ठिकाणी ऑर्डरींचं पुस्तक जवळजवळ कोरं असतं. दयेपोटी माणूस वर्षातून एकदा खरेदी करतो. महिन्याचं वाणसामान काही तो दयेपोटी भरत नाही.

कार्यशाळांतला माल मात्र दया दाखवून घ्यावा असा नसतो. दहा मेणबत्त्यांचं एक पाकीट घ्या. ते भरणाऱ्या तरुणाला दहापर्यंत मोजता येत नाही. म्हणून त्याच्यासमोर एक पुठ्ठा असतो, त्यावर दहा गोल काढलेले. एकेका गोलावर एकेक मेणबत्ती उभी करायची. रिकामा गोल उरला नाही की सगळ्या उचलून पाकिटात भरायच्या. पाकिटात नऊही जात नाहीत, अकराही नाहीत. अंक गिरवून घेण्यात शाळेची कित्येक वर्षं गेलेली असतात आणि शेवटी काम सुरू होतं ते एका पुठ्ठ्यानं. विशेष शिक्षणातली निम्मी हुशारी असले पुठ्ठे शोधण्यातच आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

उरलेली निम्मी हुशारी वेळेवर हात मागे घेण्यात. या शिक्षणात एक पद्धत फार वापरली जाते. कामाचे बारीक तुकडे पाडायचे आणि शिकवायला सुरुवात करायची ती शेवटच्या तुकड्यापासून. शर्ट घालायला शिकवायचा असेल तर शिक्षिका बाह्या चढवते, कॉलर सारखी करते, वरून बटणं लावत येते आणि शेवटचं बटण काजात अर्धं सरकवून थांबते. उरलेलं अर्धं त्यानं ओढायचं. शर्ट घालून झाला, आणि तो आपण घातला, हे समाधान पहिल्याच दिवशी त्याच्या पदरात पडतं. पुढे ते अख्खं बटण त्याचं, मग शेवटची दोन, मग तीन. घरी आपण नेमकं उलटं करतो. सुरुवात त्याला करू देतो आणि घड्याळाकडे लक्ष गेलं की 'आण इकडे' म्हणून आपणच उरकतो. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते, हे खरंच. पण अशानं प्रत्येक कामाचा शेवट कायम दुसऱ्याच्या हातून होतो.

महाराष्ट्रात हे काम सरकारच्या आधी पालकांनी आणि शिक्षकांनी उभं केलं. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' सुरू झाली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७मध्ये 'प्रबोधिनी विद्यामंदिर' काढलं. त्या शिक्षिका होत्या आणि त्यांचा मुलगा बौद्धिक अक्षम होता. दोन्हीकडे शाळेच्या जोडीला पुढे कार्यशाळा आली. यायलाच हवी होती, कारण मुलं मोठी होतात.

कायद्याला मात्र मोठी झालेली मुलं नीटशी दिसलेली नाहीत. १९९५च्या कायद्यानं नोकऱ्यांत ३ टक्के राखीव जागा ठेवल्या त्या दृष्टी, श्रवण आणि हालचालींच्या अपंगत्वासाठी; बौद्धिक अक्षमतेच्या वाट्याला काहीच नव्हतं. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि राखीव जागा ४ टक्के केल्या. त्यातल्या चौथ्या टक्क्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे एकत्र कोंबले. म्हणजे लेखी परीक्षा देऊ शकणारा डिस्लेक्सिक पदवीधर आणि पुठ्ठ्यावर मेणबत्त्या लावणारा आपला तरुण एकाच रांगेत. नंबर कुणाचा लागणार, हे सांगायला नको. मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ वर्षांपुरताच. ज्याला प्रत्येक गोष्ट शिकायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, त्याचीही शाळा इतरांच्याच वयाला संपते.

अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते. कायद्यानं तो सज्ञान होतो आणि आईवडील त्याचे पालक राहत नाहीत. मग १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करायचा. त्या समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. बँक आणि मालमत्तेच्या व्यवहारांसाठी बरेच पालक हा कागद करून घेतात, आणि गरज असेल तर जरूर करावा. पण २०१६च्या कायद्यातलं चौदावं कलमही त्यांनी एकदा वाचावं. त्यात 'मर्यादित पालकत्व' आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. पालकत्वाचा कागद हातात आला की जेवायला काय हवं हेसुद्धा विचारायचं बंद होतं, अशी घरं कमी नाहीत.

त्याला कारण भीती. 'आमच्यानंतर याचं कसं?' हा प्रश्न या पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. डोंबिवलीजवळ खोणी इथं 'अमेय पालक संघटने'नं उभारलेलं 'घरकुल' हे पालकांनी स्वतःच शोधलेलं त्याचं एक उत्तर. अशी घरं आणखी हवीत. पण आईवडील सत्तरीला टेकल्यावर, पंचेचाळिशीच्या माणसानं पहिल्यांदाच परक्या पलंगावर झोपायचं म्हणजे त्याचे हालच. विशीतच महिन्यातल्या दोन रात्री मावशीकडे काढायची सवय लावता येते. बसचंही तसंच. आधी शिक्षक शेजारी बसतात, मग मागच्या सीटवर, मग थांब्यावर नुसते वाट बघत उभे राहतात. पहिल्या एकट्या फेरीला एखादी आई रिक्षा करून बसच्या मागोमाग जाते. जाऊ दे, फक्त त्याला दिसू नये.

कंपन्यांना खरंच काही करायचं असेल तर फायली, कागदी पिशव्या, लिफाफे यांची ऑर्डर महिन्याच्या महिन्याला द्यावी, बाजारभावानं, आणि माल वाईट निघाला तर परत पाठवावा. त्यातून विद्यावेतन मिळेल ते थोडंच असेल. बहुतेक घरांत ते आईच्या कपाटात जातं, 'त्याला काय कळतंय पैशातलं' म्हणून. काही रक्कम शिल्लक टाकावी, बाकीची त्याच्या खिशात असावी. त्यानं बाजारात जाऊन तिसरी लाल टोपी घेतली, आधीच्या दोन घरात असताना, तरी घेऊ द्यावी.