विश्लेषण : रुग्णाच्या रक्ताचा थेंब हातावर पडला, तर घाबरावे का?

सलाईन लावताना रक्ताचा थेंब मनगटावर पडतो किंवा वापरलेली सुई टाकताना बोटाला टोचते. काम थांबत नाही, पण मनात प्रश्न सुरू होतात. रुग्णाला एचआयव्ही असेल का? कावीळ असेल का? परिचारिका, लॅब टेक्निशियन, शिकाऊ डॉक्टर आणि सफाई कर्मचारी यांच्यापैकी अनेक जण ही धास्ती आठवडेच्या आठवडे एकट्याने सोसतात. प्रत्यक्षात धोका किती असतो आणि काय करायला हवे?

कोणता संपर्क धोक्याचा?

अखंड त्वचेवर रक्त पडले, तर एचआयव्हीचा धोका जवळपास नसतोच. साबण-पाण्याने हात धुणे पुरेसे ठरते. त्वचेवर ताजी जखम, ओरखडा किंवा इसब असेल, रक्त डोळ्यांत वा तोंडात उडाले असेल किंवा सुई, ब्लेड, फुटलेली काच टोचली असेल, तरच तो दखल घेण्याजोगा संपर्क मानला जातो. घाम, अश्रू, थुंकी, लघवी यांत रक्त दिसत नसेल, तर त्यांच्यातून एचआयव्हीची भीती नाही.

आकडे काय सांगतात?

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास आणि औषध न घेतल्यास संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन असते. रक्त डोळ्यांत किंवा तोंडात गेल्यास ती ०.०९ टक्के, म्हणजे हजारात एकापेक्षाही कमी. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल किंवा ती थेट रुग्णाच्या शिरेतून निघालेली असेल, तर धोका वाढतो. अमेरिकेत १९८५ ते २०१३ या काळात कामावरील संपर्कातून एचआयव्ही झाल्याची खात्रीलायक प्रकरणे ५८ होती. त्यातले १९९९ नंतरचे फक्त एक.

खरी काळजी हिपॅटायटिस बी ची करायला हवी. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुई टोचल्यास हा धोका ६ ते ३० टक्के असतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. मात्र त्यावर प्रभावी लस आहे. हिपॅटायटिस सी वर लस नाही, पण त्याचा धोका बराच कमी आहे आणि झाल्यास तो गोळ्यांनी बरा होतो.

लगेच काय करावे?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. डोळ्यांत रक्त गेल्यास स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवावे. बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात घालू नये. स्पिरिट, ब्लीच, आयोडीन लावू नये; त्याने कातडीला इजाच होते. त्यानंतर वरिष्ठांना कळवून नोंद करावी.

औषध कधी घ्यायचे?

एचआयव्ही रोखण्यासाठी २८ दिवसांचा औषधोपचार असतो. त्याला 'पेप' म्हणतात. पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यावा. ७२ तासांनंतर उपयोग राहत नाही. केवळ झिडोव्ह्यूडिन हे एकच औषध वापरात असतानाही धोका सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. आताची औषधे अधिक सोसवणारी आहेत. अखंड त्वचेवर रक्त पडले असेल, तर 'पेप' लागत नाही. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल, तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांत घ्यावे.

मग भीती का जात नाही?

कारण उत्तर लगेच मिळत नाही. पहिल्या दिवशीची चाचणी आधीची स्थिती सांगते, त्या दिवशीच्या संपर्काची नाही. पुढच्या चाचण्या साधारण सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी होतात. 'पेप'च्या गोळ्यांनी मळमळ, थकवा, डोकेदुखी होऊ शकते आणि तीच आजाराची लक्षणे वाटू लागतात. तोवर रक्तदान टाळायचे, निरोध वापरायचा. म्हणजे घरी जोडीदाराशी बोलणे आलेच. तिथेच अनेकांची जीभ अडखळते. 'निष्काळजीपणा केला' असा ठपका येईल म्हणून कामावरही गप्प राहिले जाते आणि या गप्प राहण्यात औषधाचे ७२ तास निघून जातात. दुसरीकडे, गरज नसताना महिनाभर गोळ्या घेणारे आणि दर आठवड्याला चाचणी करणारेही असतात. दोन्हींवर उपाय एकच : संपर्क नेमका कसा झाला, हे जाणकाराला त्याच दिवशी सांगणे.

रुग्णालयाची जबाबदारी कोणती?

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ नुसार संसर्गाचा धोका असलेल्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने, प्रशिक्षण आणि 'पेप' पुरवणे आरोग्य संस्थांवर बंधनकारक आहे. त्यात सरकारी-खासगी असा भेद नाही. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते, तर सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकाव्या लागतात. ज्याच्या रक्ताशी संपर्क आला त्या रुग्णाची एचआयव्ही चाचणी मात्र त्याच्या संमतीनेच करता येते. त्यासाठी 'पेप'चा पहिला डोस थांबवू नये.

आजच काय तपासावे?

हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस झाले का आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची चाचणी केली होती का, हे पाहावे. पातळी १० किंवा त्याहून अधिक असेल, तर संरक्षण आहे. रात्रपाळीत 'पेप'च्या गोळ्या कुठे मिळतात आणि कुणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवावे. शंका असल्यास १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर मोफत माहिती मिळते.