शून्य बाइट जागा मागितली तर?
‘व्हर्च्युअल मशीनसाठी 100 जीबीची डिस्क-इमेज क्षणात तयार झाली. एवढी जागा खरंच राखली गेली का?’ वाचकाच्या या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र लागलं पण जमिनीचा कब्जा मिळाला नाही, तशी ही फाइल असते; लांबी नोंदलेली, ब्लॉक मात्र लिहायला घेऊ तेव्हा मिळणार. तोवर मूळ डिस्क भरली तर चालू मशीन अडतं. त्यावरचा उपाय, ‘फॅलोकेट’ हा सिस्टिम कॉल, 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.23 आवृत्तीत आला. आयबीएमच्या अमित अरोरा यांचं यातलं काम फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते. युक्ती देखणी आहे. ब्लॉक फाइलच्या नावे करायचे, पण ‘अजून न लिहिलेले’ अशी खूण करून. वाचले तर शून्यंच दिसतात; त्यामुळे शून्यं लिहीत बसावं लागत नाही आणि तिथला जुना, पुसलेला मजकूरही उघडा पडत नाही.

कस लागतो तो टोकाच्या प्रसंगात. शून्य बाइट मागितले तर? पॉझिक्स या युनिक्स-धर्तीच्या प्रणालींसाठीच्या मानकाच्या 2001 च्या आवृत्तीत इथे त्रुटी देणं ऐच्छिक होतं, 2008 मध्ये ते बंधनकारक झालं. शून्य हे बऱ्याचदा चुकलेल्या हिशोबाचं लक्षण असतं, हा त्यामागे देता येणारा युक्तिवाद मला पटतो. पण डिस्क-इमेजच्या जगात शून्य रास्तही असतं. रिकामी इमेज बनवणं किंवा आहे त्याच आकाराला ‘वाढवणं’ यात गैर काय? म्हणून क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर जुनी आणि नवी लांबी सारखी असेल तर जागा मागतच नाही. हेच योग्य, कारण शून्याचा अर्थ मागणाऱ्यालाच माहीत असतो. खालच्या थरानं अंदाज बांधू नये, स्पष्ट नकार द्यावा.

लिनक्सवरची ग्लिबसी ही सी-लायब्ररी नेमकं उलट करते. फाइल-सिस्टिमला फॅलोकेट जमत नसेल तर ती प्रत्येक ब्लॉकमध्ये एक शून्य बाइट लिहून वेळ निभावते. असलेल्या मजकुरावरून जाताना ती आधी बाइट वाचते, मग लिहिते. मधल्या क्षणी दुसऱ्या प्रोग्रॅमनं तिथे काही लिहिलं, तर ते पुसलं जातं. यावर कुणी म्हणेल, नकार दिला तर जुने प्रोग्रॅम बंद पडतील. पडतील, पण चूक तिथेच कळेल; खोट्या होकाराची किंमत नंतर डेटा गमावून मोजावी लागते. झेडएफएस या फाइल-सिस्टिममध्ये नवं लेखन नव्या जागी होतं, त्यामुळे फाइलसाठी ब्लॉक आधी राखताच येत नाहीत. तिथे फॅलोकेट फक्त मागणीच्या 110 टक्के जागा या क्षणी मोकळी आहे का ते पाहतं आणि पोकळ फाइल बनवतं. हा आकडा 0 केला की मात्र ‘जमत नाही’ असं सरळ उत्तर येतं. दुर्दैवानं तो नकार ग्लिबसीपाशी पोचला की ती पुन्हा ब्लॉकागणिक शून्य लिहायला लागते.